दहा वर्षांचं डोमेन घेतलं की गूगलवर नंबर वर येतो? ठाण्यातल्या एका वेबसाइट सेवेचा माझा अनुभव

चरईत माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता २९ वर्षं मी सांभाळतोय. जून २०२४ मध्ये घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसकडून दुकानाची वेबसाइट करून घेतली. ऑफिसचं नाव लिहीत नाही, पैशांचा वाद मिटलाय. पण साइट करायच्या विचारात असलेल्या छोट्या दुकानदारांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आधी चांगलं सांगतो. फोटो काढायला आलेला मुलगा दोन तास दुकानात होता. पायमशीनचं चाक आणि पट्टा नीट यावा म्हणून तो चक्क फरशीवर पालथा पडला. रस्त्यावरचं ऊन मशीनच्या चकचकीत भागावर पडून फोटो पांढरा येत होता, तेव्हा त्याने मला शटर अर्धं खाली ओढायला लावलं आणि परत सगळे फोटो काढले. साइट मोबाइलवर पटकन उघडते, नंबरवर बोट ठेवलं की फोन लागतो. या कामाला पैकीच्या पैकी मार्क.

तक्रार आहे ती डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची. हे नाव ठरावीक वर्षांसाठी पैसे भरून नोंदवावं लागतं. तिथले साहेब म्हणाले, "काका, एका वर्षाचं डोमेन घेतलंत तर गूगलला वाटतं, हा आज आहे, उद्या नाही. दहा वर्षांचं घ्या. गूगलचा विश्वास बसतो, नंबर वर येतो." मला पटलं. गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा असला की होलसेलवाला उधारी द्यायला कचरतो, हे मी बघितलेलं आहे. वर्षाचे हजार, दहा वर्षांचे दहा हजार, वर १८ टक्के जीएसटी, असा ११,८०० रुपयांचा चेक दिला. बिलावर तसं लिहिलंही आहे: 'डोमेन १० वर्षे, गूगल रँकिंगसाठी'.

दिवाळीनंतर खरोखरच फोन येऊ लागले. 'शिलाई मशीन दुरुस्ती ठाणे' असं शोधलं की आमची साइट पहिल्या पानावर दिसायची. मी ओळखीच्या चार दुकानदारांना सांगितलं, डोमेन दहा वर्षांचंच घ्या. त्यातल्या दोघांनी माझ्या शब्दावर घेतलं, याचं मला आज फार वाईट वाटतं.

फेब्रुवारीत भाची घरी आली होती. ती ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. तिने पहिला प्रश्न विचारला, "मामा, डोमेनचं लॉगिन कुणाकडे आहे?" माझ्याकडे नव्हतंच. मग तिने आयकॅनच्या, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या, लुकअप पानावर आमच्या साइटचं नाव टाकलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "तू ही तारीख बघितलीस का?" मुदत संपण्याची तारीख होती जून २०२५. पैसे दहा वर्षांचे घेतले होते आणि नोंदणी केली होती एका वर्षाची.

राग तर आलाच. पण त्याहून मोठी गोष्ट मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचली. आमची साइट वर आली तेव्हा तिच्याकडे दहा वर्षांची नोंदणी नव्हतीच! मग वर आली कशाने?

भाचीने समजावून सांगितलं ते असं. या समजुतीचं मूळ गूगलच्याच एका पेटंटमध्ये आहे. अर्ज २००३ च्या डिसेंबरमधला, पेटंट मिळालं २००८ मध्ये. त्यात म्हटलंय की चांगल्या डोमेनचे पैसे पुष्कळदा काही वर्षांचे आगाऊ भरलेले असतात आणि फसव्या साइटची डोमेन क्वचितच वर्षापेक्षा जास्त वापरली जातात. तेवढं वाक्य उचलून लोकांनी दहा वर्षांची पॅकेजं विकायला सुरुवात केली. पेटंटमध्ये एखादी कल्पना लिहिली म्हणजे ती वापरात आहे असं नसतं. गूगलच्या जॉन म्युलर यांनी २००९ मध्येच साधा मुद्दा मांडला होता: कित्येक डोमेनच्या मुदतीची तारीख जाहीरच होत नाही, मग तुलना करणार कशाशी? जर्मनीचं डॉट डीई घ्या, तिथे ती तारीख बाहेरच्याला दिसत नाही. आणि पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं.

आमचे फोन कुठून आले ते सर्च कन्सोलमध्ये दिसलं. लोक काय शोधून साइटच्या कुठल्या पानावर येतात, हे दाखवणारं ते गूगलचं साधन. ते फुकट आहे, भाचीने जोडून दिलं. सगळ्यात जास्त लोक एका पानावर येत होते, आणि ते पान मी स्वतः लिहिलं होतं: 'कापडाच्या खाली धाग्याचा गुंता का होतो?' गिऱ्हाईक बॉबिनला दोष देतं आणि शटल बदला म्हणतं. खरं कारण बहुतेक वेळा वरच्या धाग्यात असतं. दाबपट्टीचा पाय खाली ठेवून धागा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे धागा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसतच नाही. पाय वर उचला, धागा परत ओवा, मग दोन चिंध्यांवर टाका घालून बघा. हे मी रोज दुकानात दहा जणांना सांगतो, तेच तिथे चार फोटोंसकट लिहिलं होतं. त्यात गूगल मॅपवर दुकानाची माहिती भरलेली होती आणि गिऱ्हाइकांनी तिथे आपणहून चांगलं लिहिलं होतं. फोन आले ते यातून.

ऑफिसला तीन फेऱ्या झाल्या. साहेब आधी म्हणाले, "काका, दर वर्षी आम्हीच वाढवत नेणार होतो." मी बिल पुढे ठेवलं. शेवटी नऊ वर्षांचे पैसे जीएसटीसकट परत मिळाले. डोमेन माझ्या खात्यात आणायला लागणारा कोड मात्र तीन आठवडे लटकवला. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, मागणी गेली की पाच दिवसांत कोड द्यावा असा आयकॅनचा नियम आहे, पण खातं ऑफिसच्या नावावर, त्यामुळे मागणी त्यांनीच करायची होती. डोमेन हलवताना डॉट कॉमला एक वर्ष वाढून मिळतं, ते मिळालं.

जास्त वर्षांची नोंदणी वाईट नाही. दहा वर्षं ही कमाल मर्यादा आहे, डॉट इनलाही तीच. मधे दर वाढले तर झळ लागत नाही, विसरायची भीती राहत नाही. विसरणं मात्र महागात पडतं. मुदत संपली की साइट बंद पडते. रजिस्ट्रारने डोमेन रद्द केलं की ३० दिवस ते जादा दंड भरून सोडवता येतं, त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही घेता येतं. तसं झालं तर गूगलवर कमावलेली जागा जाते. मुदतीचा आणि नंबरचा खरा संबंध आहे तो एवढाच.

मी आता आणखी दोन वर्षांचे पैसे भरलेत. आपोआप नूतनीकरण चालू आहे, कार्ड माझं, ईमेल माझा.

सेवेला पाचपैकी दोन तारे, दोन्ही त्या फोटोवाल्या मुलाचे. माझ्यामुळे दहा वर्षांचं डोमेन घेतलेल्या त्या दोघा दुकानदारांकडे मी स्वतः गेलो. एकाचं डोमेन खरंच २०३४ पर्यंत आहे. दुसऱ्याच्या बिलावर दहा वर्षं आणि लुकअपमध्ये एकच. येत्या सोमवारी त्याला घेऊन मी पुन्हा घोडबंदर रोडला जाणार आहे.