घरी येऊन ज्येष्ठांची पाहणी करणारी सेवा: ताईसाठी घेतली, त्याचा अनुभव

ताई माझी सख्खी मोठी बहीण, वय ८१. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, एकटी राहायची. ती बाथरूममध्ये पडली आणि घरात एकच वाद सुरू झाला: तिला असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामात मदत मिळते अशा निवासस्थानात, हलवायचं की नाही. माझा मुलगा म्हणायचा, आता कशाची वाट बघताय? ताई म्हणायची, एकदा पडले तर एवढं काय झालं? मला दोघांचंही पटायचं, त्यामुळे गाडं पुढे सरकत नव्हतं. शेवटी तिच्या डॉक्टरांनी ही सेवा सुचवली. ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येतात, माणूस रोजची कामं कशी करतो ते प्रत्यक्ष बघतात आणि लेखी अहवाल देतात. माझ्या तक्रारीही आहेत, म्हणून सेवेचं नाव लिहीत नाही.

थेरपिस्ट बाईंनी आल्या आल्या खुर्ची ओढली ती ताईसमोर. मी सगळी हकीकत सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "तुमच्याशी नंतर बोलते, आधी यांच्याशी." मला हे फार आवडलं. कारण आम्ही इतके दिवस ताईबद्दल बोलत होतो, ताईशी कोणी बोलत नव्हतं. त्यांनी विचारलं, "दिवसातलं कोणतं काम नकोसं वाटतं?" ताई पटकन म्हणाली, "आंघोळ. आत उतरताना पाय लटपटतो, धरायला काही नाही. म्हणून मी टाळते." घरात सगळ्यांचा समज होता की ती आंघोळ विसरते. विसरणं वेगळं आणि घाबरून टाळणं वेगळं. पहिल्याला सोबत माणूस लागतो, दुसऱ्याला कदाचित भिंतीला एक दांडा पुरतो.

माणूस कोणती कामं स्वतः करू शकतो ते तपासायच्या दोन याद्या त्यांच्या हातात होत्या. एक १९६३ सालची, कॅट्झ यांची: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. दुसरी १९६९ सालची, लॉटन आणि ब्रॉडी यांची: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. साधारणपणे दुसऱ्या यादीतली कामं आधी सुटतात, पहिल्या यादीतली नंतर. आणि पहिल्या यादीतही बहुधा आंघोळ सगळ्यात आधी जाते, जेवण सगळ्यात शेवटी. त्यामुळे "ताईला काही जमत नाही" असं मोघम न म्हणता नेमकं कोणत्या पायरीवर आहे ते कळतं.

मग त्यांनी ताईला खुर्चीतून उठून तीन मीटर चालायला, वळून परत येऊन बसायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. ताईला एकोणीस लागले. आडवी झोपलेली असताना आणि उभं राहिल्यावर रक्तदाब मोजला. वरचा आकडा १४२ वरून ११६ वर आला. वीस किंवा अधिक उतरला तर उठताना भोवळ येऊन माणूस पडू शकतो, म्हणून त्यांनी आम्हाला लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि उठताना डोलणं बरंच थांबलं. आम्ही घर बदलायला निघालो होतो आणि आधी गोळी बदलायची होती.

स्मरणाची चाचणी बघणं मात्र जड गेलं. तीन शब्द लक्षात ठेवायचे, मध्ये घड्याळ काढायचं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. ताईने वर्तुळ सुरेख काढलं, आकडे जागच्या जागी लिहिले, आणि एक काटा अकरावर, दुसरा दोनऐवजी दहावर ठेवला. मग स्वतःच बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. तीनपैकी एकच शब्द आठवला. बाईंनी स्पष्ट सांगितलं की या चाचणीने निदान होत नाही, पुढच्या तपासण्या डॉक्टरच ठरवतील.

अहवालात "हलवा" किंवा "हलवू नका" असं काहीच नव्हतं. आधी दांडे, आंघोळीसाठी खुर्ची, रात्रीचा दिवा, दुसऱ्याने भरून ठेवलेला गोळ्यांचा डबा. त्याखाली ताईच्या संमतीने लिहिलेल्या तीन खुणा: भरलेल्या डब्यातूनही औषधं चुकू लागली, रात्री कोणीतरी जवळ लागू लागलं, किंवा शौचाला जाताना हात द्यावा लागला, तर एकटं राहणं थांबवायचं. माझ्या मते या तीन ओळींसाठीच ही सेवा घ्यावी. वय किंवा एखादं पडणं यावर निर्णय टांगून ठेवला की प्रत्येक अपघातानंतर नव्याने भांडण होतं. खुणा आधीच ठरलेल्या असल्या, आणि ज्याच्यासाठी आहेत त्यानेच मान्य केलेल्या असल्या, की बोलणं सोपं जातं.

पुढे पहिल्या दोन खुणा आल्याच. संध्याकाळच्या गोळ्या दुपारीच घेतलेल्या सापडू लागल्या, रात्री-अपरात्री "घरात कोणीतरी आहे" असे फोन येऊ लागले. असं अचानक सुरू झालं तर लघवीतल्या जंतुसंसर्गासारखं काही नाही ना ते आधी बघा, असं अहवालात होतं. ते तपासलं, तसं काही निघालं नाही. मी कागद घेऊन ताईकडे गेलो. तिने स्वतःची सही बघितली, दोन्ही ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "खोली आधी मला बघू दे." तिने बघितली, थोडे दिवस राहून बघितलं, मग हो म्हणाली.

आता तक्रारी. अहवाल कबूल केलेल्या दिवशी आला नाही, मागे लागावं लागलं. भाषा दवाखान्याची, अर्ध्या वाक्यांसाठी फोन करावा लागला. भेट दुपारची होती, तर ताईचं खरं बिघडायचं ते दिवे लागल्यानंतर. स्मरण कमी झालेल्या अनेकांचं असंच होतं, मग एक भेट संध्याकाळी का नसावी? आणि शेजारच्या वहिनी रोज ताईच्या हाकेला धावत होत्या, त्यांना एक प्रश्नही विचारला नाही. सांभाळणाऱ्यावरचा ताण मोजायलाही झारिट यांची बावीस प्रश्नांची यादी आहे. सांभाळणाराच आडवा पडला तर बाकीच्या खुणांना काय अर्थ?

निवासस्थान निवडताना काय विचारायचं तेवढं मात्र चोख लिहिलं होतं: रात्री किती माणसं जागी असतात, औषध कोण देतं, आणि तब्येत कुठवर घसरली की "आता दुसरीकडे न्या" म्हणतात. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे रोजच्या कामात मदत, चोवीस तास शुश्रूषा नव्हे. हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारला तेव्हा एका ठिकाणी उत्तरच मिळालं नाही. ते ठिकाण आम्ही सोडलं.

पाचपैकी चार देईन. भेटीआधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि चष्मा समोर काढून ठेवा. कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र चालू आहे ना तेही बघा, नाहीतर प्रश्न ऐकूच न आल्याची नोंद विसरण्यात होते.