जुन्या सुझुकी फोर बाय फोरची ड्राइव्हट्रेन नव्याने बांधली: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गाडी सुझुकीच्या एसजे४१३ घराण्यातली. हेच घराणं कुठे सामुराई तर कुठे जिप्सी या नावाने ओळखलं जातं. शिडीसारखी चेसिस, पुढे-मागे सॉलिड ॲक्सल, चारही कोपऱ्यांवर लीफ स्प्रिंग आणि गिअरबॉक्सपासून वेगळा टांगलेला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरांची पेटी. ड्राइव्हट्रेनचं (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांचं) काम झाल्यापासून गाडी नियमित वापरात आहे: डांबरी रस्ता, दगडगोटे, चिखल, गुडघाभर पाणी, सगळं. नवे पार्ट बसले की पहिले काही दिवस सगळंच छान वाटतं. म्हणून लिहायला मुद्दाम उशीर केला.

आधीच्या तक्रारी अशा: क्लच सोडताना खालून ‘ठक्’, ठरावीक वेगाला घरघर, लो रेंजमध्ये (कमी वेगाच्या, जास्त ओढीच्या टप्प्यात) उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की ट्रान्सफरचा लिव्हर आपोआप न्यूट्रलला, आणि मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगच्या तोंडाशी तेलाचा ओघळ. ज्याला दाखवावी तो म्हणायचा, क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरांची मुख्य जोडी) गेलं, बदलून टाका. मला ते पटत नव्हतं आणि आता तर ठामपणे सांगते, या गाड्यांचे गिअर सहसा मरत नाहीत. गिअरना जागेवर धरून ठेवणाऱ्या गोष्टी मरतात. बेअरिंग, माउंट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरणारा सांधा), शिम (जाडी जुळवणारी पातळ चकती), सील. खर्च करायचा तो आधी तिथे.

काहीही खोलण्यापूर्वी अर्धा दिवस फक्त प्ले (जोडांतला सैलपणा) शोधण्यात घालवला आणि त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. चाकांना चारही बाजूंनी ओट लावली, गाडी न्यूट्रलला ठेवली आणि खाली झोपून एकेक जोड हाताने फिरवून पाहिला. या गाडीला शाफ्ट तीन: गिअरबॉक्स ते ट्रान्सफर असा आखूड मधला, एक पुढचा, एक मागचा. म्हणजे क्रॉस सहा. प्रत्येक क्रॉसमध्ये थोडा, शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या स्लिप जॉइंटच्या स्प्लाइनमध्ये (उभ्या खाचांमध्ये) थोडा, ट्रान्सफरच्या गिअरांत थोडा, डिफ्रन्शियलमध्ये थोडा असा प्ले साठत जातो आणि शेवटी त्या सगळ्याची बेरीज ‘ठक्’ म्हणून ऐकू येते. पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) पुढे-मागे थोडा फिरणं साहजिक आहे, कारण त्यात आतल्या साइड गिअरचा आणि ॲक्सलच्या स्प्लाइनचाही प्ले धरलेला असतो. पण तोच फ्लँज वर-खाली किंवा आत-बाहेर हलला तर पिनियनचं बेअरिंग गेलं समजा. माझा हलत होता.

क्रॉस सगळेच बदलले. जुन्यांपैकी मधल्या शाफ्टचा सगळ्यात वाईट निघाला. टोपीच्या कडेला विटकरी रंगाची कोरडी पूड होती, म्हणजे टोपीतल्या बेअरिंगच्या सुया ग्रीसशिवाय फिरत होत्या. काढून अंगठ्याने पुसला तर सुया जिथे टेकतात तिथे बारीक समांतर खाचा नखाला लागत होत्या. शाफ्टचा कोन अगदी कमी असला की सुया त्याच त्या जागी जेमतेम हलतात आणि तिथेच खड्डा पाडतात. ग्रीस निपल असलेले क्रॉस घेतले आणि पाण्यातून गाडी काढली की लगेच ग्रीस मारायचं, जुनं पाणचट ग्रीस चारही टोप्यांतून बाहेर येईपर्यंत. असं केल्यावर आजवर पाच क्रॉस घट्ट आहेत, सहाव्याबद्दल शेवटी.

शाफ्ट स्लिप जॉइंटमधून वेगळा करण्याआधी दोन्ही भागांवर खूण करा. हे वरवरचं वाटतं, पण कारण पक्कं आहे. कोनात फिरणारा एकटा क्रॉस वेग सारखा देत नाही. एका फेऱ्यात दोनदा किंचित जोर धरतो, दोनदा मागे पडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ती चूक भरून काढतो, पण त्यासाठी दोन्ही योक (क्रॉस धरणारे शाफ्टच्या टोकांचे चिमटे) एका रेषेत हवेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. स्प्लाइन चुकीच्या दातात बसली की नव्या क्रॉससकट गाडी थरथरते आणि माणूस चाकांचं बॅलन्सिंग करत बसतो. स्प्रिंग उंच केलेल्या गाड्यांत कोनांचं हे गणित हमखास बिघडतं.

आता ज्या पार्टवर मी सगळ्यात खूश आहे तो: ट्रान्सफर केसचे रबर माउंट. केस चेसिसला तीन हातांवर टांगलेला असतो आणि प्रत्येक हाताला रबर. माझ्या जुन्या माउंटांचं रबर तेल पिऊन फुगलं होतं, एक तर धातूपासून सुटलंच होतं. लो रेंजमध्ये जोर आला की अख्खा केस आपल्या जागी पिळायचा, त्याबरोबर शाफ्टचे कोन बदलायचे आणि लिव्हरही सरकायचा. लो निसटण्याचं निम्मं दुखणं इथे होतं. पक्क्या गिअरपेक्षा मऊ रबराने जास्त फरक पडला. पॉलियुरेथेनचे कडक माउंटही मिळतात. ते जास्त टिकतात, पण गिअरांचा आवाज थेट केबिनमध्ये आणतात, म्हणून मी रबरच घेतलं. केस तेव्हापासून जागेवर घट्ट आहे.

उरलेलं निम्मं दुखणं केसच्या आत होतं. या ट्रान्सफरचं वैशिष्ट्य लक्षात घ्या. पुष्कळ गाड्यांत हाय रेंज म्हणजे सरळ आरपार, एकास एक. इथे हायचं गुणोत्तर १.४०९ आणि लोचं २.२६८. म्हणजे टू व्हील ड्राइव्हमध्ये साध्या रस्त्यावर धावतानाही ताकद काउंटर गिअरमधूनच (बाजूच्या शाफ्टवरच्या गिअरमधूनच) जाते आणि तिथली बेअरिंग कायम राबत असतात. ‘मी कधी फोर बाय फोर वापरतच नाही, मग ट्रान्सफर कसा झिजेल?’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे. शिवाय आत तेल एक लिटरही मावत नाही. एखादा सील महिनोनमहिने थेंबथेंब गळत राहिला तर केस कधी कोरडा पडला ते कळतही नाही.

खोलल्यावर गिअरांचे दात चांगले निघाले. काउंटर शाफ्टवर सुयांची वाट उमटली होती, तो बदलला. सगळी बेअरिंग, थ्रस्ट वॉशर, सील, ओ-रिंग नवीन. शिफ्टिंग फोर्कची टोकं एका बाजूने चपटी झाली होती आणि गिअरला जागी अडवणाऱ्या डिटेंटची स्प्रिंग मऊ पडली होती, तीही बदलली. लो आता उतारावर हात न लावता धरून राहतो. गिअरांची बारीक शीळ मात्र राहिली आहे आणि ती राहणारच, या केसचा तो स्वभाव आहे.

डिफ्रन्शियलचं काम सर्वांत नाजूक. बरं एवढंच, की या हाउसिंगमधून क्राऊन-पिनियनचा अख्खा गोळा पुढून बाहेर निघतो आणि टेबलावर मांडून निवांत काम करता येतं. गिअर जुनेच ठेवले, पिनियनची आणि साइडची बेअरिंग बदलली. जुने गिअर ठेवायचे तर पिनियन आधी जितका आत होता तितकाच आत बसला पाहिजे, कारण ही जोडी एकमेकांवर घासून तशीच रुळलेली असते. नवीन बेअरिंगची जाडी केसभर वेगळी असली तरी खोली बदलते. म्हणून जुनी शिम आणि जुनं बेअरिंग दोन्ही मोजून ठेवली आणि फरकाइतकी शिम बदलली. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर ०.१५ मिमी आला, क्राऊनवर निरनिराळ्या जागी मोजून.

मग दातांना पिवळी खुणेची पेस्ट लावून, क्राऊन हाताने अडवत पिनियन फिरवला. ठसा दाताच्या मधोमध, टोकाला किंवा मुळाला न चिकटलेला हवा. आधी तो मुळाकडे झुकला होता, म्हणजे पिनियन जास्त आत. शिम काढली, पुन्हा बांधलं, पुन्हा पेस्ट. मिस्त्री म्हणाले, ‘ताई, घाई केली तर हे आयुष्यभर ओरडेल.’ मी घाई करू दिली नाही.

पिनियनच्या नटाबद्दल एक गोष्ट आवर्जून. आतली क्रश स्लीव्ह दाबली जाऊनच बेअरिंगवर ठरलेला ताण येतो. नट थोडा थोडा आवळायचा आणि दर वेळी पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजायचं. मर्यादा ओलांडली तर नट मागे सैल करून भागत नाही, स्लीव्ह नवीन लागते. ‘अंदाजाने कस’ म्हणणाऱ्या माणसाच्या हातात हे काम देऊ नका. घरघर तेव्हापासून पूर्ण बंद आहे, ॲक्सिलरेटर दाबतानाही आणि सोडतानाही.

पुढच्या ॲक्सलचं थोडक्यात: नकलमधली (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्यातली) किंगपिन बेअरिंग, आतला ॲक्सल सील आणि बाहेरचे पुसणारे सील बदलले. आतला सील गेला की डिफ्रन्शियलचं तेल नकलमध्ये उतरतं, जॉइंटचं ग्रीस पातळ करतं आणि सगळं काळं पाणी चाकाकडे वाहतं. आता नकल बाहेरून कोरडे आहेत.

तेलाच्या बाबतीत गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं आणि दोन्ही डिफ्रन्शियलना जीएल-५ दर्जाचं. डिफ्रन्शियलच्या एकमेकांवर घासत फिरणाऱ्या हायपॉइड दातांना जीएल-५ मधली जास्तीची रसायनं लागतात, पण तीच गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवतीलच असं नाही. सगळीकडे एकच डबा ओतू नका. ब्रीदरच्या (हाउसिंगमध्ये हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या) नळ्या उंच नेऊन बांधल्या. गरम हाउसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. मध्यंतरी तेल काढून पाहिलं, तर दुधाळपणा अजिबात नव्हता. ड्रेन प्लगच्या चुंबकावर फक्त मऊ करडा लेप, बोटाला टोचणारा एकही कण नाही.

नाराजी एकाच गोष्टीची. मधल्या शाफ्टचा मागचा क्रॉस वेगळ्या कंपनीचा घ्यावा लागला होता. त्याची सर्क्लिप (टोपी जागी अडवणारी कडी) खाचेत किंचित सैल बसते आणि टोपी केसभर सरकते. सध्या आवाज नाही, पण हाताला प्ले जाणवू लागला आहे. जाड सर्क्लिप आणून ठेवली आहे. पुढच्या ग्रीसिंगला शाफ्ट उतरवून टोपीचा व्यास मोजणार, आणि तोच कमी निघाला तर क्रॉसच बदलणार.