शहापूरचं कॅसेटचं दुकान आणि मांडे करायची ती रात्र

जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन देणाऱ्या ह्या दुकानाला पाच स्टार देतेय आणि जरा सविस्तरच लिहितेय, कारण आपल्या बेळगावात घरोघरी लग्नाबारशाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट ट्रंकेत पडून असणार आणि इथल्या पावसाळी दमट हवेत त्या आतल्या आत खराब होत चालल्यात हे कुणाच्या लक्षातच येत नाही, माझ्या पण आलं नव्हतं.

आमच्या आत्याचं लग्न १९९३ च्या मे महिन्यात झालं, खानापूर तालुक्यात आमच्या गावी, दारातच मांडव घालून. मी नऊ वर्षांची होते. त्या लग्नाच्या आदल्या रात्रीचं एक चित्र माझ्या डोक्यात कायमचं बसलंय आणि ते मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की आमचे हे म्हणायचे, तू कुठल्यातरी पिक्चरमध्ये बघितलेलं सांगतेस. खरं सांगायचं तर मला पण तसंच वाटायला लागलं होतं.

ती रात्र अशी. दिवे लागायच्या वेळेला वळीव आला, आधी गारा आणि मग धो धो पाऊस, करंट गेला तो गेलाच. मांडवाचं कापड पाण्याच्या भारानं खाली लोंबत होतं, माणसं काठीनं वर ढकलून पाणी सांडत होती, ओल्या मातीचा आणि तुपाचा वास एकत्र. आणि मागच्या पडवीत ताडपत्रीखाली मांडे चालू होते, ते थांबवून चालणारच नव्हतं, सकाळी पंगती बसणार आणि बेळगावकडचं लग्न म्हटल्यावर पानात मांडा नाही असं कसं होईल. मांडे करणाऱ्या बाई पुरीएवढी लाटी घ्यायच्या, आत पिठीसाखर, वेलची, खसखस, आणि मग ती दोन्ही हातांवर टाकून अशी फिरवत फिरवत वाढवायच्या की बघता बघता मनगटापासून कोपरापर्यंत पांढरं रेशीम लोंबायला लागायचं. चुलीवर पालथं घातलेलं खापर, खाली मोठा जाळ. बाईंनी हात वर केले की जाळ बरोबर त्या मांड्याच्या मागं यायचा आणि अख्खा मांडा आतून पेटल्यासारखा दिसायचा, त्यातली खसखस सुद्धा मोजता आली असती. मी तांदळाच्या पोत्यावर बसून तोंड उघडं टाकून बघत होते. मग अलगद खापरावर, क्षणभर, आणि गरम असतानाच घडी, कारण गार झाला की कडक होतो, मग मोडतो.

बाबा गेल्यावर त्यांची ट्रंक आवरताना आजीच्या लुगड्याच्या घडीत आत्याच्या लग्नाची कॅसेट मिळाली. वरच्या काचेतून बघितलं तर टेपच्या कडेला पांढरी पूड धरल्यासारखी. त्याआधी आमची एक बारशाची कॅसेट मी दुसऱ्या एका ठिकाणी करून घेतली होती, त्यांनी मूळ आवाज काढून टाकून वर पिक्चरची गाणी चिकटवून दिली, वर सांगितलं की भारी झालीय. त्यामुळे ह्या वेळी घाबरूनच होते. शेजारच्या वहिनींनी हे दुकान सांगितलं.

शहापूर खडेबाजारात साड्यांच्या दुकानांच्या ओळीतून आत वळायचं आणि जिना चढायचा. काका एकटेच असतात, आधी टीव्ही रिपेअरिंग करायचे. कॅसेट हातात दिली तर त्यांनी ती मशीनमध्ये घातलीच नाही. अंगठ्यानं पुढची झडप उचलली, टेबललॅम्पखाली धरली, तिरकी करून बघितली आणि म्हणाले, ताई, बुरशी आहे, आधी पुसायची मग वाजवायची, घरी वाजवून नाही ना बघितलीत? तशीच व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते, हेडवरनं पुढच्या माणसाच्या कॅसेटला लागते, टेप चिकटलेली असली तर तुटते पण. आणि व्हीसीआर बिघडला तर नवीन आणायचा कुठनं, शेवटी शेवटी जपानची फुनाई कंपनी बनवत होती, तिनं पण जुलै २०१६ मध्ये बंद केलं. म्हणून काका भंगारातनं जुने व्हीसीआर घेऊन त्यांचे पार्ट जपून ठेवतात, एका मशीनचं झाकण कायम उघडंच असतं.

एका कॅसेटला ४५० रुपये आणि बुरशी काढायचे २०० वेगळे. मला आधी जास्त वाटले, पण तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तीन तासच लागतात, मोबाईलमधली फाईल कॉपी केल्यासारखं पटकन होत नाही, ती पूर्ण वाजवावीच लागते आणि काका समोर बसून असतात, कुठं आवाज फाटला, कुठं चित्र नाचलं ते बघत. तीन तासांची मूळ फाईल जवळजवळ ४० जीबी झाली, ती वेगळी दिली आणि टीव्हीवर लावायला छोटी एमपी४ वेगळी. चित्राच्या अगदी खाली एक थरथरती पट्टी येते, मी विचारलं ही खराबी का, तर म्हणाले नाही, ती टेपवर असतेच, जुन्या टीव्हीची चौकटच थोडं चित्र झाकायची म्हणून दिसायची नाही. कापू का विचारलं. मी नको म्हटलं.

आता मुख्य. मांड्यांची रात्र कॅसेटमध्ये आहे! अगदी सुरुवातीला, टायटलच्या पण आधी, साडेतीन मिनिटं. पूर्वी भाड्याचा व्हीसीआर आणून आम्ही सगळे बघायचो तेव्हा तो भाग काळाकुट्ट म्हणून पुढं पळवायचे, गणपती आणि नावं आली की मग सुरू. करंट नसल्यामुळे शूटिंगवाल्याचा मोठा लाईट बंद होता, कॅमेरा तेवढा बॅटरीवर, त्यामुळे फक्त चुलीचा उजेड आलाय. तो लाईट चालू असता तर सगळं पांढरंफटक झालं असतं, मांडा पेटलेला दिसलाच नसता. माझ्या आठवणीतल्यापेक्षा खूप अंधार आहे, दाणे दाणे आहेत, खसखस तर नाहीच दिसत, पण हात वर जातात आणि मागनं नारिंगी उजेड येतो तो तसाच आहे. कोपऱ्यात पोत्यावर दोन बारकी पावलं दिसतात. ती माझी.

आणि आवाज. लग्नाच्या भागावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शूटिंगवाल्यानं सगळीकडे गाणी भरली होती, माणसांची तोंडं हलतात आणि ऐकू काहीच येत नाही. हा अंधाराचा तुकडा तेवढा तसाच राहिला. पाऊस ताडपत्रीवर वाजतोय, तूप वाढणाऱ्या कुणाला तरी दुसरं कुणीतरी कन्नडमध्ये "साकु साकु", म्हणजे पुरे पुरे, म्हणतंय, आणि मग एकदम जवळनं आमची आजी, शूटिंगवाल्या पोराला, "अरे ठेव की ते खाली, कवापासनं उभा हाईस, जेवून घे जा आधी." बास, एवढंच. आजीचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठंच नाही.

काकांना मी म्हटलं हल्ली एआयनं क्लिअर करतात म्हणे, करता का. त्यांनी नाही म्हटलं नाही, दहा सेकंदांचा तुकडा करून दाखवला. मांड्याचं प्लास्टिकसारखं गुळगुळीत कापड झालं, आणि आजीचा चेहरा स्वच्छ दिसला पण तो आजीचा नव्हता, कानातली बुगडी पण गायब. काका म्हणाले, टेपवर जे नाहीच ते मशीन अंदाजानं भरतंय, ही दुसरीच बाई काढलीय त्यानं, मी केलं तर पैसे मिळतील मला, पण तुम्ही करू नका. धंदा करणारा माणूस असं सांगतो हे मला फार मोठं वाटलं. पाचवा स्टार त्याचा आहे.

पाठवणी मात्र मिळाली नाही. शेवटच्या वीस मिनिटांवर ९ मार्च १९९६ ची बेंगळुरूची भारत-पाकिस्तान वर्ल्ड कप क्वार्टर फायनल आहे, अजय जडेजा वकारला मारतोय. कॅसेटच्या मागची छोटी पट्टी तोडली की तिच्यावर परत रेकॉर्डिंग होत नाही, ती तोडलेली होती, पण आमच्याच घरात कुणीतरी तिथं सेलोटेप लावून मॅच घेतली. काका म्हणाले वरनं रेकॉर्ड झालेलं परत येत नाही. मला खूप वाईट वाटलं, अजून वाटतंय. आत्या गाडीत बसताना परत उतरून गोठ्यात म्हशीला हात लावून आली होती, ते आता फक्त बघितलेल्यांच्या डोळ्यांत आहे.

रविवारी पेनड्राइव्ह घेऊन निपाणीला आत्याकडे गेले. मोठी फाईल टीव्हीनं घेतली नाही, छोटी लागली. मी सांगितलं, पुढं पळवू नको, सुरुवातीपासून बघ. त्या रात्री आत्याला हळद लागलेली, बाहेर पडू देत नव्हते, त्यामुळे मांडे होताना तिनं बघितलेच नव्हते. आजीचं वाक्य आलं तशी ती उठली, आवाज वाढवला, आणि मला म्हणाली, "मागं घे गं. हे मला आतनं ऐकू येत होतं."

सहा वेळा मागं घेतलं.

बाकी, काकांनी आठ दिवस सांगितले आणि तीन आठवडे लागले, फोन पण कामात असले की उचलत नाहीत, तेव्हा मुहूर्त गाठायचा असेल तर भरपूर आधी द्या. जिना उंच आहे, वयस्कर माणसांना खाली थांबवा. दुपारी दोन ते चार बंद. आणि बुरशीवाली कॅसेट असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत नेऊन द्या, पावसाळ्यात सुकवायला फार दिवस लागतात म्हणाले. माझ्या अजून दोन त्यांच्याकडे आहेत, एकीवरचं लेबल पुसून गेलंय, कसली आहे ते आम्हाला कुणालाच माहीत नाही.