सात महिने क्लॅरिटी वापरल्यावर: उलट्या बाणांची गोष्ट

दिवाळीनंतर आम्ही एका खासगी बसवाल्यांच्या तिकिटांच्या साइटवर मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी बसवलं. ते २०२० पासून सगळ्यांना खुलं आहे आणि फुकट आहे. कोडचा छोटा तुकडा साइटमध्ये टाकला, की लोक कुठे टॅप करतात, कुठून परत फिरतात याची रेकॉर्डिंग दिसू लागतात. नाव-नंबर भरायच्या चौकटी त्यात झाकलेल्या येतात. हे मला सगळ्यात आवडलं, कारण प्रवाशाचा नंबर बघायचा मला काहीच अधिकार नाही.

त्याआधी आमचा युजर फ्लो, म्हणजे प्रवासी कुठल्या पानावरून कुठे जातो याचा तक्ता, भिंतीवर चिकटवलेला होता. गाव, सीट, नाव, पैसे, तिकीट. सगळे बाण डावीकडून उजवीकडे. कामाच्या पद्धतींचे अभ्यासक फ्रँक गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांपुढे कामाच्या टप्प्यांचा असा तक्ता मांडला, तो काम प्रत्यक्ष बघून. आम्ही मात्र आमचा तक्ता मीटिंगमध्ये बसून काढला होता.

पहिल्याच आठवड्यातलं एक रेकॉर्डिंग अजून डोळ्यांसमोर आहे. कोल्हापूर-पुणे, रात्रीची गाडी. प्रवाशाने खिडकीची सीट घेतली, नाव भरलं, पैशांच्या पानावर पोचला आणि बॅक दाबलं. तीच सीट आता करडी! आमची सिस्टीम पैसे येईपर्यंत सीट १० मिनिटं धरून ठेवायची, पण कोणासाठी धरली हे सीटच्या पानाला माहीतच नव्हतं. त्या करड्या चौकोनावर नऊ टॅप पडले आणि प्रवासी निघून गेला. क्लॅरिटी याला ‘रेज क्लिक’ म्हणतं, म्हणजे रागाने केलेले टॅप. मला त्यात राग दिसला नाही. हातातली सीट गेली म्हणून झालेली घालमेल होती ती.

पण बॅक का दाबलं, हे रेकॉर्डिंग सांगत नाही. त्यासाठी मी दोन दिवस बुकिंग ऑफिसात जाऊन बसले. एका आजींनी फोन माझ्यापुढे धरला, “बाळ, ताराराणी चौकच टाकलंय नव्हं?” पैशांच्या पानावर आम्ही फक्त रक्कम दाखवत होतो. गाडीत कुठून चढायचं, ते बघायला लोक मागे जात होते.

आता पैशांच्या पानावर सीट आणि चढायचं ठिकाण ठळक दिसतं, आणि मागे गेलं तरी आपली सीट ‘तुमची’ म्हणूनच दिसते. सीट गेल्याच्या तक्रारीचे फोन ऑफिसात जवळपास थांबले.

क्लॅरिटी बसवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. रेकॉर्डिंग साधारण ३० दिवसच राहतात, तेव्हा बघाल त्याच दिवशी टिपण काढा. शिवाय माणूस यूपीआय ॲपमध्ये गेला, की पुढचं काही दिसत नाही. आमच्या भिंतीवर आता लोक मागे फिरतात तिथे लाल उलटे बाण आहेत, आणि यूपीआयच्या चौकोनातून परत येणारा बाण अजून तुटक रेघेचा आहे. त्यासाठी पुढच्या सोमवारी पुन्हा बुकिंग ऑफिस.