पट्टीखाली जोडच नव्हता: आंब्याची कलमे घेताना होणारी फसवणूक

पावतीवर एवढंच लिहिलेलं होतं: 'आंबा रोपे, 42 नग'. एका एकरात 10 बाय 10 मीटरवर 40 झाडं बसतात, वर दोन तुटाळीसाठी, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी लावायला. आठवडी बाजारात टेम्पोतून आलेला माल होता, तोंडी सांगितलं होतं 'केशर कलम', आणि प्रत्येक खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली होती. मालकाने चार पावसाळे खतपाणी केलं, उन्हाळ्यात टँकर लावला. झाडं डोक्याच्या वर गेली, पण मोहर नाही. एका खोडात जुनी पट्टी रुतून करकोचा पडला होता. ती कापून काढली तर वर आणि खाली साल सलग एकच. जोडाची खूण नाही, कापाची रेघ नाही. कोयीपासून उगवलेल्या रोपाला नुसती पट्टी बांधून ते कलम म्हणून विकलं होतं.

चौथ्या वर्षी मोहर आला नाही एवढ्यावरून झाड खोटं ठरत नाही, खऱ्या कलमालाही कधी उशीर होतो. पण कोयीच्या रोपाला फळ धरायला साधारण सात ते दहा वर्षं लागतात, आणि जे फळ येईल ते केशर असेल याची खात्री नाही. हापूस, केशर यांच्या कोयीत एकच गर्भ असतो, तोही परागीकरणातून तयार झालेला. म्हणून त्या कोयीचं झाड आईसारखं निघत नाही, रायवळ निघतं. फांदीचा तुकडा मातीत खोचला तर आंब्याला सहजी मुळं फुटत नाहीत. त्यामुळे जात टिकवायची तर कलमाला पर्याय नाही, आणि म्हणूनच खोट्या कलमाचा धंदा चालतो.

खरं कलम कसं बनतं हे माहीत असलं की खोटं ओळखता येतं. कोय कलमासाठी पिकल्या फळाची ताजी कोय जून-जुलैत लावतात, जुनी कोय महिनाभरात उगवण गमावते. उगवून 10 ते 15 दिवस झाले, पानं अजून तांबूस आहेत, अशा वेळी शेंडा छाटून खोडाला मधोमध 4 ते 5 सेंमी चीर देतात. जातिवंत, फळ देणाऱ्या झाडावरची तीन-चार महिन्यांची काडी घेतात, 10 ते 15 सेंमी लांब, टोकाचा डोळा फुगलेला. आठवडाभर आधी त्या काडीची पानं देठ ठेवून कापलेली असतात. काडीचं खालचं टोक पाचरीसारखं तासून चिरेत बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. खुंट (खालचं कोयीचं रोप) आणि काडी सारख्या जाडीची नसतील तर निदान एका बाजूला साल सालीला भिडलीच पाहिजे, नाहीतर जीव धरत नाही.

म्हणजे दोन वेगळी झाडं एकत्र आली आहेत याची खूण खोडावर राहते: इंग्रजी व्हीसारखी रेघ, खालच्या-वरच्या सालीच्या रंगात फरक, किंचित गाठ. पैसे देण्याआधी लॉटमधली चार-पाच कलमं स्वतः निवडा, विक्रेत्याने काढून दिलेली नको, आणि पट्टी सोडून बघा. 'पट्टी सोडली तर कलम मरेल' असं सांगितलं जातं. कोवळ्या, महिना-दीड महिन्याच्या कलमाबाबत ते खरं आहे, मग ते कलम अजून विक्रीलायकच झालेलं नाही. जोड धरून दोन-तीन महिने झाले की पट्टी काढायचीच असते. ती तशीच राहिली तर करकोचा पडतो आणि वाऱ्यात झाड तिथेच मोडतं.

सोटमूळ बघून कलम ओळखा असा सल्ला फिरतो, तो चुकीचा आहे. कोय कलमाचा खुंटही कोयीचाच, त्यालाही सोटमूळ असतंच.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. इथे जोड खरा असतो, पण वरची काडी मेलेली असते. वाळकं टोक छाटून टाकतात आणि खुंटाची फूट वाढवून विकतात. हिरवी फांदी जोडाच्या वरून निघाली आहे की खालून, हे बोटाने चाचपून बघा. खालून निघाली असेल तर ते रायवळच. बागेत लावल्यावरही खुंटाची फूट दिसेल तेव्हा काढत राहा, नाहीतर ती काडीला दाबून टाकते.

पिशवीत फळ लागलेलं कलम दुप्पट भावाने विकतात. पक्व झाडाची काडी असेल तर पिशवीतही मोहर येतो, त्यात नवल नाही. ते कलम पुढच्या वर्षी उत्पन्न देईल याची हमी नाही, उलट पहिली तीन वर्षं मोहर खुडायचा असतो. पिशवीत मुळं गोल वेटोळी झालेलं मोठं कलम घेण्यापेक्षा वर्षाचं सशक्त कलम बरं.

'मियाझाकी' या महागड्या जपानी आंब्याच्या नावाने रोपाला हजारो रुपये मागितले जातात. ती मूळची फ्लोरिडाची अर्विन जात आहे. जपानमधला मोठा भाव वजन, गोडी आणि रंग यांच्या कडक प्रतवारीचा आहे, रोपाचा नव्हे.

महाराष्ट्रात फळरोपवाटिकेला कृषी खात्याचा परवाना लागतो. पावतीवर परवाना क्रमांक, जातीचं नाव आणि 'कलम' हा शब्द लिहून घ्या, 'रोपे' चालणार नाही. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो असं स्पष्ट केलं आहे. ग्राहक आयोगात तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून पावती आणि लागवडीच्या दिवसाचे जोडाचे फोटो जपून ठेवा.

फसलेली बाग उपटू नका. चार वर्षांची मुळं ही कमाई आहे. थंडी सरता सरता खोड जमिनीपासून 60 ते 75 सेंमीवर कापा, कापावर बोर्डोपेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. भरपूर फुटी येतील, त्यातल्या चार-पाच चांगल्या, चारी बाजूंना विभागलेल्या ठेवा आणि बाकीच्या काढा. जुलै-ऑगस्टमध्ये त्या पेन्सिलएवढ्या झाल्या की कोवळ्या तांबूस टोकावर मृदकाष्ठ कलम करा, म्हणजे कोवळ्या फुटीला चीर देऊन तशीच पाचर केलेली काडी बसवा. काडी मात्र ज्या झाडाचं फळ तुम्ही स्वतः खाल्लंय त्याच झाडाची आणा.