डिस्प्लेवर ८०, पाण्यात ६२: लाकूड वाचवणाऱ्या डबीने मला कसं गंडवलं

डबीची किंमत सांगणार नाही. ती आठवली की अजून स्वतःचीच लाज वाटते. बाकी सगळं सांगतो, कारण ती विकणारा हाच माणूस, किंवा याच्यासारखा दुसरा, तुमच्याकडेही येऊ शकतो.

माझा लाकडावर चालणारा बॉयलर घराबाहेर, साधारण तीस मीटरवर आहे. मधे भट्टी, तिच्याभोवती सातशे लिटर पाणी. ते पाणी जमिनीखालच्या पाइपातून घरात येतं, उष्णता देतं आणि परत जातं. पाणी ठरवलेल्या तापमानाला पोचलं की कंट्रोलर पंखा आणि हवेची झडप बंद करतो आणि आग धुमसत राहते. पाच-सहा अंश उतरले की पंखा पुन्हा फुरफुरायला लागतो. म्हणजे सगळा कारभार पाण्यातल्या एका सेन्सरच्या शब्दावर. मला फसवलं ते याच सेन्सरच्या तोंडून.

पहिल्या हिवाळ्यात लाकूड अंदाजापेक्षा फारच जास्त लागलं. म्हणून पुढची थंडी सुरू व्हायच्या आधीच बॉयलर बसवून देणाऱ्याला फोन केला. तो आला, भट्टीत डोकावला, ८० चं सेटिंग बघून हसला. "अहो, पाणी एवढं तापवायचंच कशाला? जितकं जास्त तापवाल तितकं लाकूड जाळाल." ऐकायला किती पटतं बघा! मग त्याने बॅगेतून काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी काढली. दोन वायरी, एक हिरवा दिवा. ही डबी "आगीचा अभ्यास करते" आणि लाकूड एक तृतीयांश वाचवते. सेटिंग ८० च ठेवायचं, बाकी ती बघून घेईल. सेन्सर आणि कंट्रोलर यांच्यामधे त्याने ती पाच मिनिटांत जोडली. लाकूड ओलं असेल तर डबीचा गुण येत नाही, असं सांगून दोन वर्षं वाळवलेल्या लाकडाची ऑर्डरही जाता जाता घेतली.

आणि लाकूड वाचलं की हो! पुढचे तीन आठवडे मी दोनऐवजी एकदाच भट्टी भरत होतो. त्याचा फोन आला तेव्हा मीच भरभरून कौतुक केलं, आणि दोन शेजाऱ्यांना त्याचा नंबरही दिला. तेव्हा थंडी सुरू व्हायची होती, रात्रीसुद्धा खिडकी उघडी ठेवावी असं हवामान होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या तीन आठवड्यांत डबीऐवजी साबणाची वडी बांधली असती तरी लाकूड तेवढंच वाचलं असतं.

मग खरी थंडी पडली. घरात १६ अंशांच्या वर काटा चढेना. डिस्प्लेवर मात्र कायम ८०. दिवसातून तीनदा लाकूड घालायला लागलो. भट्टीच्या दाराखाली डांबरासारखा काळा, चिकट ओघळ यायला लागला, आणि आतल्या भिंती कोणी वॉर्निश फासावं तशा चकाकत होत्या.

आधी मी लेझर ठिपक्याचा थर्मामीटर तांब्याच्या पाइपवर धरला. त्याने भलताच कमी आकडा दाखवला. फोनवर डबीवाला म्हणाला, "चकचकीत तांब्यावर ती बंदूक खोटं बोलते." यात तो खरं बोलत होता! चकचकीत धातूवर हे यंत्र खरोखरच कमी दाखवतं. अर्धं खरं बोलणारा माणूस पकडायला फार अवघड. मग पाइपवर काळी टेप गुंडाळली आणि टेपवर मोजलं: ६१. शेवटी लांब तारेचा थर्मामीटर टाकीच्या वरच्या उघड्या नळीतून थेट पाण्यात सोडला: ६२. (माझा बॉयलर बिनदाबाचा आहे म्हणून हे जमलं. दाबाखालच्या बॉयलरचं काहीही उघडायला जाऊ नका.)

त्यानंतर डबीच्या दोन्ही वायरी काढल्या आणि सेन्सर पूर्वीसारखा सरळ कंट्रोलरला जोडला. डिस्प्ले ८० वरून ६२ वर आला. एका क्षणात. सातशे लिटर पाणी पापणी लवेपर्यंत अठरा अंशांनी गार होत नसतं. पंखा जोरात सुरू झाला, आणि मी त्या थंडीत हातात डबी घेऊन कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो.

डबी फोडली. आत काळी राळ ओतलेली. ती खरवडल्यावर हिरव्या दिव्याशिवाय निघालं काय, तर तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर. युक्ती साधी आहे. पाणी तापतं तसा या सेन्सरचा विद्युत रोध कमी होतो. त्याला समांतर एक रेझिस्टर जोडला की एकूण रोध आणखी घटतो, आणि कंट्रोलरला वाटतं पाणी आहे त्याहून बरंच गरम आहे. तो पंखा लवकर बंद करतो. अभ्यास वगैरे काही नाही. सेटिंग ६२ वर आणायचं काम मी बटण दाबून फुकटात केलं असतं.

आता मुद्द्याचं. ६२ वर ठेवून लाकूड वाचतं का? थोडंसं वाचतं, आणि इथेच माणूस फसतो. पाणी कमी गरम असलं तर टाकीच्या अंगातून आणि पाइपातून बाहेर झिरपणारी उष्णता कमी होते. बाहेर शून्य अंश असताना ८० चे ६२ केले तर ही गळती पाव हिश्शाच्या आसपास घटते. पण फक्त गळती. घराला ऊबदार राहायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच. ती दिली नाही तर घर गार पडतं, त्याला बचत म्हणत नाहीत. उलट बाजूचा खर्च मोठा असतो. घरातून परतणारं पाणी ६० च्या खाली गेलं की भट्टीच्या भिंती गार राहतात, धुरातली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते, तिच्यात डांबर आणि आम्ल मिसळतं आणि पत्रा आतून खायला सुरुवात होते. माझ्या दाराखालचा ओघळ तोच होता. अशा बॉयलरचं सेटिंग साधारण ७७ ते ८५ च्या दरम्यान ठेवतात ते उगाच नाही. परतीचं पाणी गार येत असेल तर त्यात गरम पाणी मिसळणारी झडप बसवतात. पुढे पत्र्याला बारीक गळती लागली, तेव्हा "परतीचं पाणी ६० च्या खाली चालवलं" या एका ओळीवर माझी वॉरंटी नाकारली गेली. नियम वॉरंटीच्या कागदावर होता. मी तो गळती लागल्यावर वाचला.

लाकडाची गोष्ट वेगळीच. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. जळतं, पण सुक्याच्या जिवावर. त्याने लाकूड उतरवताना मीटरच्या सुया ओंडक्याच्या कापलेल्या टोकात खुपसून १४ टक्के दाखवले होते. टोक सगळ्यात आधी वाळतं. मी तोच ओंडका कुऱ्हाडीने उभा फोडला आणि ताज्या फाकेवर मधोमध सुया टोचल्या, तर मीटर ३० च्या पुढे गेला. तीसच्या वर या मीटरचा आकडा भरवशाचा नसतो, ओलं आहे एवढंच कळतं. म्हणून त्याच फाकेचे ५०० ग्रॅम छिलके काढले, ओव्हनमधे १०० अंशांच्या थोडं वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवले. समोरून हललो नाही, पेट घेतील म्हणून. उरले ३०० ग्रॅम. म्हणजे ४० टक्के पाणी! २० टक्के पाणी असलेलं लाकूड किलोला १५ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता देतं, ४० टक्केवालं जेमतेम १०. म्हणजे किलोमागे एक तृतीयांश उष्णता कमी: किलोतला बराचसा भाग मी पाणीच विकत घेतलं होतं, आणि त्याची वाफ करून हवेत सोडायला आणखी थोडी उष्णता जात होती. शिवाय त्याने घनमीटर मोजला होता तो गाडीत मोकळ्या टाकलेल्या लाकडाचा; नीट रचल्यावर त्याचा दोन तृतीयांशही भरला नाही. लाकूड घेताना मोजणी रचलेल्या ढिगाचीच ठरवून घ्या, आणि विकणाऱ्यासमोर एक ओंडका मधून फोडा. खरा व्यापारी हरकत घेत नाही.

एवढं झाल्यावर मूळ प्रश्न उरलाच: पहिल्या हिवाळ्यात, डबी यायच्या आधी, लाकूड एवढं का जळत होतं?

उत्तर मी रोज खिडकीतून बघत होतो. बर्फ पडला की अंगण पांढरं व्हायचं, पण बॉयलरपासून घरापर्यंत एक हातभर रुंदीचा ओला, काळा पट्टा उघडा राहायचा. मला तो छान वाटायचा. चालायला वाट सापडते म्हणून. त्या पट्ट्याखाली पाइप होते. डबी काढल्यावर दोन्ही टोकांना मोजलं: बॉयलरमधून पाणी ८० ने निघत होतं, घरात ७७ ने पोचत होतं. तीनच अंश. पण पंप मिनिटाला २० लिटर फिरवतो; तीन अंशांनी तेवढं पाणी गार होणं म्हणजे चार किलोवॅटहून जास्त, दिवसाला १०० युनिट. भट्टीतली निम्मी उष्णता धुराड्यातून जाते असं धरलं, तर जवळजवळ ५० किलो सुकं लाकूड रोज नुसती माती तापवायला. आणि हा फक्त जातानाचा हिशोब, परतीचा पाइप वेगळा.

बर्फ गेल्यावर चर उकरला. बाहेरची नालीदार नळी पाण्याने भरलेली, आतले दोन्ही पाइप पातळ चंदेरी कागदात गुंडाळलेले आणि जातं-येतं एकमेकांना चिकटून. हा चर खणून पाइप टाकणारा कोण, तर तोच, डबीवाला. पहिल्या तक्रारीच्या दिवशी तो भट्टीपाशी बोलत उभा होता तेव्हा त्याच्या बुटाखाली तेच पाइप होते. ते कसे टाकलेत हे त्याला आठवलं नसेल यावर माझा विश्वास नाही. स्वतःचं वाईट काम उकरायला लागू नये म्हणून त्याने मला डबी विकली.

पाइप बदलले. आता ते भरीव, पाणी न शिरणाऱ्या फोममधे आहेत, आणि दोन टोकांतला फरक माझ्या थर्मामीटरला अर्ध्या अंशाच्या वर दिसत नाही. फोटो, वजनाचे आकडे आणि फोडलेली डबी दाखवल्यावर त्याने डबीचे पैसे परत केले. लाकडाचे आणि पाइपचे नाहीत, त्यानंतर फोनच उचलला नाही.

ज्या दोन शेजाऱ्यांना मी नंबर दिला होता त्यांच्याकडे मी स्वतः गेलो. एकाने माझ्यासमोरच वायरी काढल्या, त्याचा आकडा १७ अंशांनी पडला. दुसरे म्हणाले, "राहू द्या, आमची व्यवस्थित चाललीय," आणि मला डिस्प्लेवरचा ८० दाखवला. बोलताना माझी नजर त्यांच्या भट्टीच्या दाराखाली गेली. काळा ओघळ जमिनीपर्यंत आला होता.