एम.डी. की एम.फिल.? मनाच्या दवाखान्याची दोन दारं

माझ्या भाचीला मानसिक आरोग्यात काम करायचंय. घरात सगळे एकच म्हणतात, "मग डॉक्टरच हो." आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच नाशिकला, म्हसरूळकडे, त्यामुळे तो रस्ता इथे आधी दिसतो.

तो रस्ता म्हणजे साडेपाच वर्षं एम.बी.बी.एस., मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं एम.डी. मानसोपचार. औषध लिहिण्याचा अधिकार मिळतो, वॉर्डातले गंभीर रुग्ण हाताळता येतात. ओपीडीत गर्दी असली की एकेकाशी निवांत बोलायला वेळ मात्र उरत नाही.

दुसरा रस्ता: मानसशास्त्रात बी.ए., एम.ए., मग क्लिनिकल सायकॉलॉजीत दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. वर्षं मोजली तर सातच. असे अभ्यासक्रम मान्य करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता पदवीला असेल तरच 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नुसतं एम.ए. करून पाटी लावणारेही शहरात भेटतात, तो विषय वेगळा. इथे औषध लिहिता येत नाही. पण बुद्ध्यांक चाचणी, व्यक्तिमत्त्वाची तपासणी, सीबीटीची (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या संवाद-उपचाराची) सत्रं हे सगळं तुमचं. एकेका रुग्णाबरोबर पाऊण-एक तास बसायचं. संशोधनाचा प्रबंध दोन्हीकडे सुटत नाही.

एक अडचण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एम.फिल. बंद करताना या विषयाला 2025-26 पर्यंतच प्रवेशाची मुदत दिली होती. पुढे साय.डी. (क्लिनिकल सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) हा पर्याय; फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव बघायलाच हवं.

भाचीला रक्त बघवत नाही, पण ऐकून घेणं जमतं. मी दुसऱ्याच दाराकडे बोट दाखवलं. ताई अजून रुसलेली आहे.